काळ्या मातीतला मोकळा डीएनए : प्रकल्प नोंदी

५ मे
प्रश्न असा. सोलापूरकडची कोरडवाहू काळी माती मे महिन्यात तापून भेगाळलेली असते, तरी तिच्यातून डीएनए भरपूर निघतो. त्यातला किती अखंड पेशींमधला, आणि किती मेलेल्या पेशींतून सुटून चिकणमातीला चिकटून राहिलेला? पाऊस पडल्यावर या दोन वाट्यांचं प्रमाण कसं हलतं, आणि त्यावरून मातीतले सूक्ष्मजीव कामाला लागलेत की नाही हे ओळखता येईल का?

प्रश्न नवा नाही. कोलोरॅडो विद्यापीठातल्या गटाने २०१६ साली वेगवेगळ्या मातींचे नमुने तपासून दाखवलं की जिवाणू आणि बुरशी यांचा सरासरी ४० टक्के डीएनए पेशींबाहेरचा किंवा फुटलेल्या पेशींतला असतो. इन्सब्रुकच्या गटाने २०१८ साली मोकळा डीएनए आणि पेशीतला डीएनए यांचं गुणोत्तर क्रियाशीलतेचा निर्देशक म्हणून मांडलं. अटाकामा वाळवंटात, युंगाय खोऱ्यात, ४ मीटरहून खोल जीवसृष्टी आहे हे २०२४ साली सांगता आलं तेही पेशीतला डीएनए वेगळा काढला म्हणूनच. काळ्या मातीची अडचण मात्र वेगळी आहे. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट ही फुगणारी चिकणमाती आहे, चुनखडी आहे, कॅल्शियम भरपूर आहे. दुसऱ्या मातीसाठी बसवलेली कृती इथे जशीच्या तशी चालेल असं धरून चालणार नाही.

शब्दांबद्दल: ‘ईडीएनए’ हा शब्द या नोंदींत वापरलेला नाही. तो कधी पर्यावरणातल्या एकूण डीएनएसाठी येतो, कधी पेशीबाहेरच्या. इथे फक्त ‘मोकळा’ आणि ‘पेशीतला’.

पद्धतीची निवड: प्रोपिडियम मोनोअझाइड हे रंगद्रव्य फुटक्या पेशींत शिरतं, प्रकाश पडला की डीएनएला कायमचं जोडलं जातं आणि तो डीएनए पीसीआरमध्ये (डीएनएच्या प्रती काढण्याच्या पद्धतीत) वाढत नाही. काळ्या मातीत याला दोन अडथळे आहेत. रंगद्रव्यावर धन प्रभार आहे, त्यामुळे चिकणमातीच त्याला आधी धरून ठेवते. शिवाय गढूळ काळ्या रबडीत प्रकाश काही मिलिमीटरही जात नाही. त्यातून हातात येतो तो उरलेला डीएनए, मोकळा वाटा वेगळा मिळतच नाही. आपल्याला दोन्ही वाटे मोजायचे आहेत, म्हणून फॉस्फेटने धुऊन वेगळं करण्याची पद्धत घेतली. डीएनएचा कणा फॉस्फेटचाच असतो. बाहेरून फॉस्फेट भरपूर दिलं की ते चिकणमातीच्या कडांवरच्या जागा घेतं आणि डीएनए सुटतो.

९ मे
नमुने घेतले. थर दोन: ०–५ सें.मी. आणि ५–१५ सें.मी. प्रत्येक थराचे पाच ठिकाणचे नमुने मिसळून एक.

जागा दोन भेगांच्या मधली घ्यायची, भेगेच्या काठाची नाही. वरची भुसभुशीत माती भेगेत पडत राहते, काळी माती स्वतःला नांगरते म्हणतात ते यामुळेच. भेगेजवळचा खोल नमुना हा पुष्कळदा वरच्या थराचाच निघतो. खुरपं आणि डबे सोडियम हायपोक्लोराइटने पुसून, नंतर निर्जंतुक पाण्याने. ब्लीच राहिलं तर मोकळा डीएनए तिथेच तुटतो.

सर्वांत महत्त्वाचं: वाटे वेगळे करण्याआधी नमुना गोठवायचा नाही. उणे ८० अंशांना ठेवणं ही सवय इथे घातक आहे. बर्फाचे स्फटिक पेशी फोडतात आणि पेशीतला डीएनए मोकळ्याच्या खात्यात जातो. अल्कोहोलमध्ये ठेवणंही तसंच वाईट. ओला नमुना ४ अंशांना ठेवून त्याच दिवशी धुवायचा. कोरडा नमुना घट्ट झाकणाच्या डब्यात खोलीच्या तापमानाला काही दिवस चालतो.

२ मि.मी. चाळणीतून काढली, चुनखडीचे खडे वेगळे केले. १०५ अंशांना वाळवून ओल मोजली: कोरड्या १०० ग्रॅमला ७ ग्रॅम. हाताला ठणठणीत कोरडी लागणारी भारी माती एवढं पाणी धरून असते, यापुढचे सगळे आकडे कोरड्या वजनावर.

१२ मे
फॉस्फेट बफर, ०.१२ मोलर, सामू ८.०. एक लिटरला निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट १५.९ ग्रॅम आणि मोनोसोडियम डायहायड्रेट १.२७ ग्रॅम.

बाटलीवरचं लेबल नीट वाचायचं. डायसोडियम क्षार निर्जल (रेणुभार १४२), डायहायड्रेट (१७८) आणि डोडेकाहायड्रेट (३५८) अशा तिन्ही रूपांत मिळतो. डोडेकाहायड्रेट निर्जल समजून तोलला तर त्या क्षाराचा ०.४ पटच येतो आणि दोन क्षारांचं प्रमाण बिघडून सामूही खाली राहतो. मग कॉस्टिक सोडा घालून सामू जुळवला जातो आणि चूक झाकली जाते. म्हणून नियम: दोन क्षार तोलल्यावर सामू ७.९–८.१ च्या बाहेर असेल तर काहीही घालून दुरुस्त करायचा नाही, तोलणं परत तपासायचं.

बफर ऑटोक्लेव्ह करून ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढला. ऑटोक्लेव्हने जंतू मरतात, त्यांच्या डीएनएचे तुकडे मात्र उरतात. म्हणून प्रत्येक खेपेला मातीशिवायची एक कोरी नळी शेवटपर्यंत न्यायची.

१४ मे
पहिली धुलाई. १५ मि.ली. नळीत २ ग्रॅम माती, ६ मि.ली. बफर, १० मिनिटं हळू फिरवणं, ५०० जी वर (गुरुत्वाच्या ५०० पट जोराने) १० मिनिटं सेंट्रिफ्यूज, वरचं निवळ पाणी वेगळं. असं तीनदा. तिन्ही निवळ एकत्र करून १०,००० जी वर २० मिनिटं. तळाला बसलेल्या पेशी परत मातीच्या नळीत, वर राहिलं ते मोकळ्या डीएनएचं पाणी.

वसुली तपासायला धुण्याआधी मातीत लॅम्डा या जिवाणूंवर जगणाऱ्या विषाणूचा डीएनए १ मायक्रोग्रॅम मिसळला होता. तो ४८,५०२ बेसजोड्यांचा आहे, म्हणजे १ नॅनोग्रॅमला सुमारे १.९ कोटी प्रती. मातीत तो एरवी सापडत नाही, म्हणून खूण म्हणून सोयीचा. विरळ करायला १० मिलिमोलर ट्रिस वापरला. नेहमीच्या टीई बफरमध्ये ईडीटीए हे कॅल्शियम बांधणारं रसायन असतं, ते इथे नको (कारण २३ मेच्या नोंदीत).

वसुली फक्त ९ टक्के. त्याच कृतीने धुतलेल्या वाळूतून ९० टक्क्यांच्या वर. हात आणि बफर ठीक आहेत, अडतंय ते मातीत. पहिल्या धुलाईनंतर निवळ पाण्याचा सामू ८.० वरून ७.५ वर आलेला.

१५ मे
सामू का उतरला याचा हिशेब केला आणि कारण सापडलं.

या मातीची धनायन धारणक्षमता (कॅल्शियमसारखे धन प्रभाराचे कण धरून ठेवण्याची ताकद) १०० ग्रॅमला सुमारे ५० मिलिइक्विव्हॅलंट आहे, आणि त्यातला मोठा वाटा कॅल्शियमचा. म्हणजे २ ग्रॅम मातीत १ मिलिइक्विव्हॅलंट, सगळं कॅल्शियम धरलं तर ०.५ मिलिमोल. बफरमधला सोडियम ते कॅल्शियम जागेवरून हलवतो आणि ते फॉस्फेटशी जोडून खाली बसतं. तीन कॅल्शियमला दोन फॉस्फेट या हिशेबाने ०.३३ मिलिमोल फॉस्फेट खर्च होऊ शकतं, आणि ६ मि.ली. बफरमध्ये आहे ०.७२ मिलिमोल. जवळजवळ निम्मं. या अभिक्रियेत हायड्रोजन आयन सुटतात, म्हणून सामू उतरतो.

फॉस्फेट कमी पडणं ही अर्धीच गोष्ट. खाली बसलेलं कॅल्शियम फॉस्फेट स्वतः डीएनएला धरतं. हायड्रॉक्सिअपॅटाइटच्या (कॅल्शियम फॉस्फेटच्याच एका रूपाच्या) स्तंभावर डीएनए वेगळा करण्याची जुनी पद्धत याच गुणावर चालते, आणि तिथे ६० अंशांना ०.१२ मोलर फॉस्फेटने एकपदरी डीएनए सुटतो, दुपदरी सुटायला ०.४ मोलर लागतं. म्हणजे चुनखडीच्या मातीत ०.१२ मोलर बफर वापरला की आपणच नळीत दुपदरी डीएनए धरणारी भुकटी तयार करतो, आणि तिला धुतो अशा तीव्रतेने ज्याला ती डीएनए सोडत नाही. ०.१२ मोलरचा आकडा गाळ आणि इतर मातींच्या कामात रुळलेला आहे. काळ्या मातीसाठी तो डोळे मिटून घेऊ नये.

१९ मे
बफर ०.३ मोलर केला. बर्फात ठेवलेल्या बाटलीत अर्ध्या तासात सुयांसारखे स्फटिक. डायसोडियम फॉस्फेटची विद्राव्यता थंडीत झपाट्याने घटते, ४ अंशांना एवढं विरघळून राहत नाही.

पोटॅशियम फॉस्फेट थंडीतही विरघळलेलं राहतं, पण पुढे पेशी फोडताना सोडियम डोडेसिल सल्फेट घालायचं असतं आणि पोटॅशियमबरोबर ते पांढरं होऊन बसतं. तो मार्ग सोडला. सोडियम फॉस्फेटच, पण २२–२४ अंशांच्या वातानुकूलित खोलीत, आणि फिरवण्याची वेळ १० मिनिटांवर काटेकोर. सेंट्रिफ्यूजचा गारवाही २० अंशांवर ठेवायचा. तो ४ वर राहिला तर नळीच्या तळाशी मातीबरोबर स्फटिक बसतात आणि बाहेरून कळतही नाही.

वसुली: पहिल्या धुलाईत ३१, दुसरीत १७, तिसरीत ८, एकूण ५६ टक्के. चौथीत ३ टक्के आले. चौथी धुलाई सोडली.

दोन गोष्टी आणखी तपासल्या. एक, लॅम्डा मातीत ३० मिनिटांऐवजी २४ तास राहू दिला (किरणोत्साराने निर्जंतुक केलेल्या मातीत, म्हणजे जिवंत जंतू खाणार नाहीत) तर वसुली ४१ टक्क्यांवर येते. डीएनए जितका जुना, तितकी पकड घट्ट. म्हणून आपण मोजतो तो बफरने सुटणारा मोकळा डीएनए, सगळा नव्हे.

दोन, न सुटलेला लॅम्डा जातो कुठे? धुऊन उरलेल्या मातीतून पेशीतला डीएनए काढला तेव्हा त्यात २२ टक्के लॅम्डा निघाला. हे गंभीर आहे. धुण्यात न निघालेला मोकळा डीएनए पुढच्या टप्प्यात पेशीतला म्हणून मोजला जातो. यापुढे दोन दुरुस्त्या कायम: मोकळ्या डीएनएचा आकडा भागिले ०.५६, आणि त्या दुरुस्त आकड्याचे २२ टक्के पेशीतल्या आकड्यातून वजा. प्रत्येक खेपेला लॅम्डाची एक नळी असेलच, दुरुस्तीचे आकडे त्या खेपेचेच घ्यायचे.

२३ मे
गळतीची चाचणी. धुतानाच पेशी फुटत असतील तर गुणोत्तराला अर्थ नाही.

गुणसूत्रात जीएफपी (चमकणाऱ्या प्रथिनाच्या, मातीत एरवी नसलेल्या) जनुकाची एकच प्रत असलेला ई. कोलाय स्थिर अवस्थेपर्यंत वाढवला, खारट बफरने तीनदा धुतला, आणि मग ओल्या मातीत २ ग्रॅमला २० कोटी पेशी मिसळल्या. धुणं आवश्यक आहे. वाढीच्या द्रवात मेलेल्या पेशींचा डीएनए तरंगत असतो आणि तोच नंतर गळती म्हणून दिसतो. शेवटच्या धुण्याच्या पाण्यातलं जीएफपी वेगळं मोजून वजा केलं.

मोकळ्या वाट्यात सापडलेलं जीएफपी, वसुलीची दुरुस्ती करून: ०.३ मोलर, १० मिनिटं – ५ टक्के. तेच ६० मिनिटं – १३ टक्के. १० मिलिमोलर ईडीटीए घातल्यावर १० मिनिटांतच २४ टक्के.

ईडीटीए घालण्याचा मोह पडतो, कारण ते कॅल्शियम बांधतं आणि डीएनए खाणारी विकरंही थांबवतं. पण ई. कोलायसारख्या ग्राम-ऋण जिवाणूंचं बाहेरचं आवरण मॅग्नेशियम-कॅल्शियमच्या टाक्यांनी शिवलेलं असतं. ईडीटीए ते टाके काढतं. वसुली वाढते आणि गळतीही वाढते, मग मोजलेला आकडा कशाचा हेच सांगता येत नाही. ईडीटीए फक्त वाटे वेगळे झाल्यावर, मोकळ्या डीएनएच्या पाण्यात, २ मिलिमोलर.

ई. कोलाय नाजूक आहे. उन्हाळा काढून मातीत टिकलेल्या बऱ्याच जिवाणूंची भिंत जाड असते, म्हणून ५ टक्के ही वरची मर्यादा धरली.

२७ मे
कोरड्या मातीचा वेगळा पेच. कोरडीत टिकायला पेशी आत क्षार आणि शर्करा साठवतात. एकदम पाणी मिळालं की आतला दाब वाढून काही पेशी फुटतात. पहिल्या पावसात हेच होतं, आणि आपण बफर ओततो तेव्हाही. तेवढ्यापुरता ०.३ मोलर फॉस्फेटचा फायदा आहे. तो पावसाच्या पाण्याइतका विरळ नाही, धक्का सौम्य बसतो.

तुलना: एक नमुना थेट धुतला. दुसरा बंद डेसिकेटरमध्ये पाण्याच्या वर, पाण्याला न टेकता, २४ तास ठेवून ओलसर होऊ दिला आणि मग धुतला. दुसऱ्यात मोकळा डीएनए सुमारे एक पंचमांश कमी. याचे दोन अर्थ निघतात: पेशी कमी फुटल्या, किंवा त्या २४ तासांत विकरांनी मोकळा डीएनए खाल्ला. ठरवायला लॅम्डा हवा, पण तो द्रवात घालायचा तर माती भिजणार. म्हणून लॅम्डा बारीक वाळूवर वाळवून ती वाळू कोरड्या मातीत मिसळली. २४ तासांनंतर लॅम्डा तेवढाच निघाला. म्हणजे फरक पेशी फुटण्याचा. कोरडे नमुने यापुढे वाफेवर ओलसर करूनच धुवायचे.

३० मे
मोकळ्या डीएनएच्या १८ मि.ली. पाण्यातून डीएनए गोळा करणं. अल्कोहोलने जमत नाही, फॉस्फेटच ढीगभर खाली बसतं. ग्वानिडिन हायड्रोक्लोराइड आणि सिलिका वापरली.

सिलिकाला डीएनए चिकटायला सामू ७.५ च्या खाली हवा, आणि आपला बफर ८.० ला घट्ट धरून बसलेला. ७.० वर आणायला १८ मि.ली. ला १ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल सुमारे १.९ मि.ली. लागतं. थेंबाथेंबाने, हलवत. हा टप्पा गाळला तर वसुली निम्म्याने पडते, आणि दोष उगाच मातीला दिला जातो.

मग ग्वानिडिन सुमारे १७ ग्रॅम, आकारमान ३० मि.ली. च्या आसपास जातं, तीव्रता ६ मोलरच्या जवळ. विरघळताना नळी बर्फासारखी गार पडते, म्हणून ३७ अंशांच्या पाण्यात धरून विरघळवायचं. सिलिकाची रबडी २०० मायक्रोलीटर, ३० मिनिटं फिरवणं. पहिलं धुणं ग्वानिडिनच्याच द्रावणाने, नंतर ८० टक्के अल्कोहोलने दोनदा. पहिल्यांदाच अल्कोहोल घातलं तर उरलेलं फॉस्फेट सिलिकावर पांढरं बसतं आणि पुढे पीसीआर अडवतं. शेवटी १० मिलिमोलर ट्रिस १०० मायक्रोलीटरमध्ये उतरवणं.

ग्वानिडिनचं सांडपाणी ब्लीचमध्ये कधीही टाकायचं नाही, विषारी वायू सुटतात. वेगळी बाटली, मोठ्या अक्षरांत लेबल.

या वाट्यात विषाणूंच्या कवचातला डीएनएही येतो, कारण विषाणू १०,००० जी ला खाली बसत नाहीत आणि ग्वानिडिन त्यांचं कवच फोडतं. डीएनएच्या वजनावरून गुणोत्तर काढलं तर हे आत शिरतं. सगळ्या जिवाणूंत असणारं, विषाणूंत नसणारं १६ एस जनुक मोजलं तर जवळपास टळतं. म्हणून सगळी गुणोत्तरं १६ एसच्या प्रतींवर.

पेशीतला वाटा: धुतलेली माती आणि परत आणलेल्या पेशी एकत्र, काचेच्या मण्यांनी ठेचून. मणी हवेतच, नाहीतर बीजाणू फुटत नाहीत आणि कोरड्या मातीतल्या जिवाणूंचा मोठा भाग बीजाणूंच्या रूपात असू शकतो.

२ जून
क्यूपीसीआर, म्हणजे प्रती मोजणारा पीसीआर. ३४१–५३४ ही प्रायमरची (तुकड्याची दोन टोकं ठरवणारी) जोडी, तुकडा १९४ जोड्यांचा. मोकळा डीएनए तुटका असतो, लांब तुकडा मागितला तर तो उगाच कमी भरतो. शेजारी ३४१–८०५ (सुमारे ४६५ जोड्या) पण लावलं. लांब आणि आखूड यांच्या प्रतींचं प्रमाण मोकळा डीएनए किती ताजा हे सांगतं.

अडथळा तपासला. विरळ न करता २४.६ चक्रं (प्रती मोजण्याइतक्या होईपर्यंतची; डीएनए कमी तर चक्रं जास्त), दहापट विरळ २५.९, शंभरपट विरळ २९.२. दहापटीला ३.३ चक्रांचा फरक पडायला हवा, पहिल्या पायरीला पडला १.३. म्हणजे मूळ द्रावणात ह्युमिक द्रव्यं (कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून बनलेली) पीसीआर रोखत आहेत, दहापटीनंतर नाही. सगळे नमुने दहापट विरळ करून, अल्ब्युमिन ०.४ मायक्रोग्रॅम प्रति मायक्रोलीटर घालून. प्रकाश शोषणावर चालणारं यंत्र या नमुन्यांना निरुपयोगी, ह्युमिक द्रव्यं २६० नॅनोमीटरला डीएनएसारखीच दिसतात. वजन हवंच तर क्यूबिट, डीएनएला चिकटून चमकणाऱ्या रंगावर मोजणारं यंत्र.

कोऱ्या नळीत ३४ चक्रं. पीसीआरचं विकर ई. कोलायमध्येच बनतं, त्याचे अवशेष असतात. ३१ च्या पुढचं वाचन धरायचं नाही.

४ जून
भिजवण सुरू. वरच्या थराची माती, पाणी धरण्याची क्षमता १०० ग्रॅमला ६४ ग्रॅम, त्याच्या ६० टक्के म्हणजे ३८.४. आधीची ७ वजा करून ३१.४ ग्रॅम पाणी फवारून. बंद बरण्या, २८ अंश. बरणीत ०.५ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडचा छोटा पेला, कार्बन डायऑक्साइड पकडायला. मोजताना बेरियम क्लोराइड घालून, फिनॉल्फ्थॅलीनवर आम्लाने अनुमापन.

चुनखडीच्या मातीतून पाणी पडल्यावर जंतूंशिवायही कार्बन डायऑक्साइड सुटतो. निर्जंतुक मातीची बरणी बरोबरच ठेवली, तिचा आकडा वजा.

लॅम्डा काही बरण्यांत आज, काहींत सातव्या दिवशी. ओल्या मातीत तो किती वेगाने नाहीसा होतो ते पाहायचं आहे.

४ जून ते २ जुलै, वाचनं
दर ग्रॅमला १६ एसच्या प्रती, कोटींत, दुरुस्त करून. आधी मोकळ्या, मग पेशीतल्या, मग गुणोत्तर.
कोरडी: ३१, ५०, ०.६२
३ तास: ३६, ४४, ०.८२
१ दिवस: २६, ५९, ०.४४
३ दिवस: १९, ९८, ०.१९
७ दिवस: १८, १०४, ०.१७
१४ दिवस: २२, ९१, ०.२४
२८ दिवस: २६, ७९, ०.३३

श्वसन, दर किलोला दिवसाला मिलिग्रॅम कार्बन: पहिला दिवस ६२, तिसऱ्यापर्यंत ३१, सातव्यापर्यंत १४, चौदाव्यापर्यंत ७, नंतर ४. कोरडी माती भिजली की श्वसनाची अशी उसळी येते हे बर्च यांनी १९५० च्या दशकात पूर्व आफ्रिकेतल्या मातीत दाखवलं होतं, त्यांच्याच नावाने ते ओळखलं जातं.

१३ जून
मधली नोंद, शेतातली. दमदार पावसानंतर आज वाफसा आला, त्याच जागेचे नमुने. गुणोत्तर ०–५ सें.मी.: ०.२८. ५–१५ सें.मी.: ०.५१. खालच्या थरातलं ढेकूळ फोडलं तर आत कोरडंच. भेगांतून पाणी खाली गेलं, ढेकळांच्या पोटात शिरलं नाही. एकाच थरात भिजलेली आणि कोरडी माती मिसळली की गुणोत्तर मधलंच काहीतरी येतं आणि ते कुठल्याच मातीचं नसतं. पुढच्या वेळी ढेकळाचं बाहेरचं आणि आतलं वेगळं खरवडून घ्यायचं.

६ जुलै
हिशेब.

पहिल्या ३ तासांत पेशीतले ६ कोटी कमी, मोकळे ५ कोटी जास्त. धक्क्याने फुटलेल्या पेशींचा डीएनए, ढोबळमानाने जुळतं. त्या क्षणी गुणोत्तर सर्वांत वर आहे, तर श्वसनाची उसळी त्याच दिवसाची. एकाच वेळी काही पेशी फुटत होत्या आणि उरलेल्या त्यांच्यावर जगत होत्या. एकच वाचन घेणाऱ्याला इथे उलटं उत्तर मिळेल.

गुणोत्तर तळाला गेलं तिसऱ्या ते सातव्या दिवशी, तेव्हा श्वसन निम्म्याहून खाली आलेलं. म्हणजे गुणोत्तर सांगतं ते वाढ आणि उलाढाल, त्या तासाचं श्वसन नव्हे. पेशी वाढल्या आणि विकरांनी जुना डीएनए खाल्ला, दोन्हींनी ते खाली येतं.

साठा सोडून प्रवाह काढला. लॅम्डाचं अर्धायुष्य सुरुवातीला १.२ दिवस, म्हणजे रोज ५८ टक्क्यांच्या दराने घट. पहिल्या ते तिसऱ्या दिवसात मोकळ्यांचा सरासरी साठा २२.५ कोटी. रोज खाल्ले जातात सुमारे १३ कोटी, साठा घटतो फक्त ३.५ कोटींनी. म्हणजे रोज साडेनऊ कोटी प्रती नव्याने सुटत होत्या. सातव्या दिवशी घातलेल्या लॅम्डाचं अर्धायुष्य अडीच दिवस. त्या हिशेबाने सातव्या ते चौदाव्या दिवसात रोज सुमारे ६ कोटी. कोरड्या मातीत लॅम्डा तसाच राहतो, मोकळ्याची भर शून्याजवळ, आणि साठा ३१ कोटी: भिजवण्याच्या धक्क्याचं वाचन सोडलं तर मालिकेतला सर्वांत मोठा. मोकळ्या डीएनएचा साठा मोठा दिसला तो जिथे काहीच घडत नव्हतं तिथे.

मर्यादा: ताजा लॅम्डा हा जुन्या घट्ट चिकटलेल्या डीएनएपेक्षा लवकर खाल्ला जातो. सगळ्या साठ्याला तोच दर लावला, म्हणून नव्याने सुटण्याचा आकडा फुगलेला आहे. लांब–आखूड तुकड्यांचं प्रमाण वापरून ताजा वाटा वेगळा काढायचा प्रयत्न पुढे. दुसरी: पेशीतला म्हणजे जिवंत असं नाही. किरणोत्साराने मारलेल्या मातीत पेशीतला डीएनए दोन आठवड्यांनंतरही बराच शिल्लक होता, आवरण अखंड असल्यामुळे. म्हणून श्वसनाची बरणी शेजारी हवीच.

११ जुलै
आठ दिवसांची उघडीप. वरचे ५ सें.मी. पुन्हा सुकले, खाली ओल आहे. वरच्या थरात ०.४१, त्याखाली ढेकळाच्या बाहेरच्या भागात ०.२२, आतल्यात ०.३५. तुरीची उगवण झालेली आहे. हरितलवकांत १६ एस जनुक असतं आणि आपली प्रायमर जोडी तेही उचलते, म्हणून मुळं आणि पाचोळा चिमट्याने काढून मगच तोलायचं.

पुढची खेप पाऊस परतल्यानंतर तिसऱ्या दिवशी. त्या दिवशी वाफसा नसेल तर नमुना खुरप्याने न उचलता लहान नळकांड्याने काढायचा: चिखल दाबला की ढेकळाचं आत-बाहेर एक होतं.